शेवटची दोन वर्षे

माझा जन्म 1 मे 1962 चा. ज्या महिन्यात साठ पूर्ण होतात त्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त व्हायचे, असा सरकारी नियम आहे. पण जन्म एक तारखेचा असेल तर आदल्या महिन्याच्या अखेरीलाच घरी. म्हणजे 31 मेच्या जागी 30 एप्रिल. ‘आईने एक दिवस कळ काढली असती तर महिन्याचा पगार वाढला असता’ हा विनोद मी नोकरीच्या 37 वर्षांत इतक्यांदा ऐकला की शेवटी मीच तो सांगू लागलो. त्यात 2022 सालचा 30 एप्रिल आला शनिवारी. कचेरी बंद, म्हणून निरोप शुक्रवारीच उरकला. शाल, श्रीफळ, पितळी समई, समोसा, वेफर्स. भाषण करताना साहेबांनी माझे नाव घेण्याआधी एकदा हातातल्या कागदाकडे पाहिले. त्यांचा दोष नाही, ते बदलून येऊन चारच महिने झाले होते.

सोमवारी सकाळी दूध आणायला गेलो तेव्हा गोव्यातल्या आमच्या गावच्या तिंट्यावर, म्हणजे नाक्यावर, पहिला प्रश्न आला, ‘कितें रे, आतां घराच?’ गेल्या तीन-चार वर्षांत निवृत्तीवर मी जे काही वाचले, ऐकले आणि व्हॉट्सॲपवर ढकलले गेलेले सोसले, ते सगळे या ‘घराच’चे उत्तर देण्याची धडपड आहे. दुसरी खेळी सुरू करा, छंद जोपासा, योग करा, नातवंडांत रमा. माणूस जणू एका रात्रीत रिकामा झालेला डबा आहे आणि आता त्यात काय भरायचे एवढाच प्रश्न उरला आहे. माझे म्हणणे असे की आपण चुकीच्या दिवसाची काळजी करतो. निवृत्तीनंतरचा पहिला सोमवार हा प्रश्न नाही. प्रश्न आहे नोकरीच्या शेवटच्या दोन वर्षांचा. ती आपण वाया घालवतो, आणि मग त्या वायफळपणावर उतारा म्हणून कुणाला मुदतवाढ देतो, कुणाला समई.

आधी हा साठीचा आकडा. आपल्या समजुतीत तो शरीराचा आकडा आहे. साठी बुद्धी नाठी म्हणतात, साठाव्या वर्षी उग्ररथ शांत करतात. पण नोकरीतली साठी शरीरातून आलेली नाही, तिजोरीतून आली आहे. जर्मनीत बिस्मार्कच्या काळात 1889 मध्ये म्हातारपणाच्या पेन्शनचा कायदा झाला, तेव्हा वय ठेवले 70. ते 1916 मध्ये 65 वर आणले. आपल्याकडे केंद्र सरकारने 1998 मध्ये निवृत्तीचे वय 58 वरून 60 केले, त्या दिवशी देशातल्या कुठल्याही कारकुनाचे गुडघे दोन वर्षांनी तरुण झाले नाहीत. महाराष्ट्रात बहुतेक राज्य कर्मचारी आजही अठ्ठावन्नाला जातात. बांदा ओलांडून पत्रादेवीला, म्हणजे महाराष्ट्रातून गोव्यात, आले की माणसाला दोन वर्षांची ताकद जास्त मिळते, असे तर कुणी म्हणणार नाही.

गोव्यात हा विषय वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर ठेवण्यासारखा राहिलेला नाही. 2011 च्या जनगणनेत साठीपुढच्या लोकांचे प्रमाण सर्वांत जास्त असलेल्या राज्यांत केरळच्या पाठोपाठ आपण होतो, साधारण 11 टक्के. त्याला आता दीड दशक होत आले. शिवाय एक गोष्ट आपल्या ध्यानात आलेली नाही: मुक्त गोव्यात जन्मलेली पहिली पिढी, म्हणजे माझी, आता निवृत्त झाली. पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या सरकारने गावोगाव उघडलेल्या शाळांत आम्ही शिकलो. आमच्या वडिलांच्या पिढीत पोट भरायचे तर मुंबई गाठायची, नाही तर आगबोट. आम्हाला मात्र पणजीच्या कचेरीत खुर्ची मिळाली आणि 1987 मध्ये घटक राज्य झाल्यावर त्या खुर्च्या आणखी वाढल्या. सरकारी नोकरी म्हणजे आयुष्य मार्गी लागले, ही गोव्यातली पक्की समजूत आमच्यापासूनची. तिचाच दुसरा भाग असा की ती सुटली म्हणजे आयुष्य संपले. पहिला भाग ज्याने मानला त्याला दुसरा टाळता येत नाही.

आता जवळचे उदाहरण देतो. 1985 मध्ये मी जमिनीच्या कागदांशी संबंधित एका कचेरीत लागलो. तिथे एक हेडक्लार्क होते. त्यांना सगळे मामा म्हणत. पोर्तुगीज काळात सेगुंद ग्राव ही शाळेतली परीक्षा झालेले. गोव्यात जमिनीचा वाद म्हटला की सातबारासारख्या एक-चौदाच्या उताऱ्यावर भागत नाही. मागे पोर्तुगीज काळातले करनोंदीचे मात्रीज निघते, मिळकतीचे वर्णन असलेले देस्क्रिसांव निघते, वाटण्यांचे इन्व्हेंटार निघते. सगळे हाताने लिहिलेले, वळणदार, आणि निम्मे शब्द तोडलेले. मामा ते कागद आपण पेपर वाचतो तसे वाचत. जमिनीच्या चार सीमा सांगणाऱ्या ओळीत दिशा येतात. मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात शिकवले: ‘नासेंत म्हणजे सूर्य जन्मतो ती बाजू. पोएंत म्हणजे तो टेकतो ती. हे उलटे केलेस तर एकाचे कुळागर दुसऱ्याच्या घशात जाईल.’ माझ्या आधीच्या एकाने ते खरेच उलटे केले होते म्हणे.

मामा 1994 मध्ये अठ्ठावन्नाला निवृत्त झाले. त्यांच्याकडून मी जेवढे शिकलो ते चहाच्या वेळेत, उरल्यासुरल्या मिनिटांत. कचेरीने त्यासाठी कधी एक तास दिला नाही. शेवटच्या वर्षात तर त्यांना आणखी दोन टेबलांचा ताबा दिला, कारण ती पदे रिकामी होती. मामांची जागा भरायला पुढे सव्वादोन वर्षे लागली. त्या काळात आम्ही काय केले? शिपायाच्या पिशवीतून कागद मामांच्या घरी पाठवले. मीच दोनदा घेऊन गेलो. मामा सोप्यावर बसलेले असत, चष्मा कपाळावर. कागद बघितला की चेहऱ्यावर रक्त येई. मामी चहा आणत आणि कचेरीतले कोण कसे आहे ते विचारत. मानधन नाही, पत्र नाही, काही नाही. पुढे नवीन साहेबांनी ‘सरकारी कागद बाहेर जाता कामा नये’ म्हणून हे बंद केले, आणि नियमाने त्यांचे बरोबर होते. त्यानंतर चतुर्थीला मी मामांकडे गेलो तर त्यांनी विचारले, ‘कोण वाचता आतां?’ मी खोटे सांगितले, की एक मुलगा तयार झाला आहे. ते ऐकून त्यांना बरे वाटेल अशी माझी समजूत होती. तसे दिसले नाही.

या गोष्टीवरून मुदतवाढवाले म्हणतील, बघा, आम्ही हेच सांगतो. अनुभवी माणसाला ठेवा. मला उलटे दिसते. मामांना दोन वर्षे मुदतवाढ दिली असती तर दोन वर्षांनी तोच प्रसंग आला असता, शिपायाची तीच पिशवी निघाली असती. मुदतवाढ ज्ञान पुढे नेत नाही, ते एकाच डोक्यात आणखी काही काळ कोंडून ठेवते. त्यात आपल्याकडची मुदतवाढ मामांसारख्याला मिळतच नाही. ती मिळते वरच्या खुर्चीला, आणि कारण म्हणून लिहिले जाते ‘पर्यायी अधिकारी उपलब्ध नाही’. साठ वर्षे आधी ज्याची तारीख ठरली, त्याचा पर्याय शेवटच्या आठवड्यापर्यंत उपलब्ध झाला नाही, हे वाक्य सरकार स्वतःच्या सहीने लिहिते आणि कुणाला त्याचे काही वाटत नाही. निकालाची वाट बघणारी मुले मात्र ते बरोबर वाचतात. एम.ए. झालेली माझी भाची चार वर्षे परीक्षा देत होती. निवृत्त माणसाला करारावर घेतल्याची बातमी आली की तिची आई मला फोन करून ऐकवायची, जणू मीच सही केली आहे.

तर मी काय सुचवतो? निवृत्तीची तारीख जन्मापासून ठाऊक असते. तिच्या दोन वर्षे आधी त्या पदाचा वारस नेमावा आणि जुन्या माणसाला नवीन ताबा देणे बंद करावे. पहिले वर्ष दोघांनी एका टेबलावर बसावे. दुसऱ्या वर्षी जुन्याने आठवड्यातून तीन दिवस यावे, सही नव्याची असावी. जुन्याने फक्त विचारल्यावर बोलावे. हे शेवटचे सगळ्यांत अवघड आहे, हे मला मान्य आहे. पण तेच तर शिकायचे असते: खुर्चीत बसून गप्प राहणे. जो हे कचेरीत दोन वर्षे शिकला तो घरी सून-मुलाच्या संसारात कमी तोंड घालेल, असा माझा स्वानुभवाशिवायचा अंदाज.

यात एक हिशेबाची मेख आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. जुन्या नियमाने पेन्शन म्हणजे अखेरच्या मूळ पगाराच्या निम्मी. तेव्हा कमी दिवस म्हणून पगार कापला तर पेन्शन आयुष्यभरासाठी कापली जाईल, आणि कुणीही शहाणा माणूस अशा अर्जावर सही करणार नाही. म्हणून पेन्शनसाठी पगार पूर्णच धरावा, असा नियम सोबत करावा लागेल. जे 2005 नंतर लागले त्यांची गोष्ट वेगळी. त्यांना नवी पेन्शन योजना. दरमहा पगारातून कापलेले पैसे बाजारात, आणि साठीला त्यातल्या किमान 40 टक्क्यांची ॲन्युइटी, म्हणजे विमा कंपनीकडून नियमित पेन्शन, विकत घ्यायची. त्यांच्यातला पंचविशीत लागलेला माणूस 2040 च्या सुमारास आणि पुढे बाहेर पडेल. मला महिन्याच्या शेवटी किती येणार हे ठाऊक होते, त्याला बाजार विचारावा लागेल. केंद्राने एप्रिल 2025 पासून हमीची जोड असलेली एकीकृत पेन्शन योजना आणली ती याच अस्वस्थतेतून. निवृत्तीकडे बघण्याची नजर निम्मी या कागदांनी घडते, निम्मीच मनाने. मन खंबीर ठेवा असे सांगणाऱ्या वक्त्यांनी एकदा व्याख्यानाआधी श्रोत्यांना कोणाची कुठली योजना ते विचारून बघावे.

आणि हे सगळे झाले कचेरीतल्यांचे. वेर्णा नि कुंडईच्या कारखान्यांत, किनाऱ्यावरच्या हॉटेलांत राबलेल्याला भविष्य निर्वाह निधीची 1995 ची पेन्शन योजना आहे. तिचा हिशेब सोपा आहे. पगार कितीही असो, योजनेत धरतात जास्तीत जास्त 15,000. त्याला नोकरीच्या वर्षांनी गुणायचे, सत्तरने भागायचे. पंधरा वर्षे काम केलेल्याला फार तर महिना 3,200 रुपये. किमान पेन्शन 2014 मध्ये 1,000 ठरली. ज्याला तेही नाही त्याला राज्य सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे 2,000. या माणसाला ‘दुसरी खेळी’ म्हणून कोणी पुस्तक भेट देत नाही. तो अठ्ठावन्नाला घरी जात नाही, तो कंत्राटदाराकडे सुरक्षारक्षक होतो, निळा शर्ट घालून कुठल्या तरी अपार्टमेंटच्या दारात रात्र काढतो. त्या अपार्टमेंटच्या जाहिरातीत, पर्वरीच्या रस्त्यावर मोठ्या फलकावर, दोन खुर्च्या नि समुद्र असतो. दिल्ली-मुंबईच्या माणसाला गोवा म्हणजे निवृत्तीचे स्वप्न. सुशेगाद या शब्दाचा, जो पोर्तुगीजमधून आला आणि ज्याचा अर्थ शांत, निवांत एवढाच, त्यांनी आळशी असा अर्थ करून टाकला. रात्रपाळी करणाऱ्या त्या म्हाताऱ्याला एकदा विचारावे सुशेगाद कोण ते.

काम सुटण्याचा सर्वांत वाईट प्रकार आम्ही या राज्यात नीट पाहिला आहे. त्याला निवृत्ती म्हणत नाहीत एवढेच. सप्टेंबर 2012 मध्ये खाणी बंद झाल्या, मध्ये थोड्या सुरू झाल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाने 88 लीजांचे नूतनीकरण रद्द केल्यावर 16 मार्च 2018 पासून पुन्हा बंद. न्यायालयाने केले ते चूक होते असे मी म्हणत नाही. पर्यावरणाची जी नासाडी झाली ती डोळ्यांनी पाहिली आहे. पण डिचोली, सत्तरी, सांग्याच्या बाजूला चाळिशीतले ट्रकवाले, मशीनवाले एका दिवसात ‘आतां घराच’ झाले. माझा एक मावसभाऊ त्यांत होता. ट्रक घरासमोर उभा, टायरांवर वेल चढलेली. तो रोज सकाळी ट्रक सुरू करायचा, पाच मिनिटे चालू ठेवायचा आणि बंद करायचा. बॅटरी उतरू नये म्हणून, असे सांगायचा. पुढे बॅटरी विकली, तरी तो सकाळी जाऊन केबिनमध्ये बसायचा. साठीला निवृत्त होणाऱ्यांना समुपदेशन हवे असे सांगणारे परिसंवाद त्या वर्षांतही पणजीत होत होते. तिकडे कोणी फिरकले नाही.

मग चांगला प्रकार कुठला? मला तो घरीच दिसला, पण तेव्हा कळला नाही. वडिलांचे छोटे कुळागर होते. माड, पोफळी, केळी, मिरवेल. साठीच्या आसपास त्यांनी पोफळीवर चढणे सोडले. पुढे काही वर्षांनी पाठीवरून ओझे आणणे सोडले. सत्तरीनंतर फक्त पाटाचे पाणी वळवायचे, कुठल्या सरीत किती वेळ हे ठरवायचे. ऐंशीला तेही सोडले, पण सुपारीचा कुठला घड कधी उतरवायचा हे त्यांना विचारल्याशिवाय कोणी कोयता लावत नसे. वीस वर्षे चालली ती निवृत्ती. नारळ कुणी दिला नाही, कारण नारळ त्यांचाच होता. एकेक काम हातातून सुटत गेले आणि सुटले ते कुणाच्या तरी हातात. घेणारा समोर दिसत होता. याचे फार गोडवे गायला नकोत. मालकाला हे परवडते. त्याच बागेत माडावर चढणाऱ्या पाडेल्याला असा उतार मिळत नाही. तो पडतो किंवा एक दिवस यायचा बंद होतो, आणि आम्ही दुसरा पाडेली शोधतो.

आगबोटीवरच्या शेजाऱ्याचेही मला कौतुक वाटायचे. आठ-नऊ महिने बोटीवर, तीन-चार महिने घरी, पुन्हा नवे काँट्रॅक्ट. त्या माणसाने पस्तीस वर्षांत तीस वेळा तरी रिकामे बसण्याची तालीम केली होती. कायमचा घरी आला तेव्हा बायकोला काही वेगळे वाटले नाही. आमच्या घरी मात्र दुपारी दोन ते चारची वेळ हिची होती, रेडिओची. मी निवृत्त झाल्यावर पहिल्या आठवड्यात आवाज कमी करायला सांगितला. तीस वर्षे तिचे कामाचे ठिकाण असलेल्या घरात मी नवा रुजू झालो होतो, आणि आल्या-आल्या साहेब बनलो होतो. आता दोन ते चार मी बाहेरच्या खोलीत असतो.

निवृत्तांचा उपयोग नाही असे मात्र कुणी म्हणू नये. रविवारी ग्रामसभेला जाऊन बघा. कुठला प्रकल्प, कुठला आराखडा, कुठली सनद, याची फाईल पाठ असलेला माणूस उभा राहतो तो निवृत्तच असतो, आणि पंच त्याला बघून घाम पुसतात. सरकारने ज्याचे ज्ञान वेळेत घेतले नाही ते असे समोरून येते.

माझ्याकडे मामांनी शिकवलेल्या शब्दांची एक वही होती. दोनशे पानी, काळ्या पुठ्ठ्याची. निघताना मी ती कचेरीत ठेवली नाही, हे कबूल करतो. कुणी मागितलीच नाही, आणि मलाही वाटले, मागू दे. गेल्या वर्षी त्या कचेरीतली एक मुलगी, करारावर लागलेली, कुणाकडून तरी नंबर घेऊन फोन करून घरी आली. मोबाइलवर तिने एका जुन्या कागदाचे फोटो काढले होते. मी चष्मा लावून तयार झालो. तिने स्वतःच वाचायला सुरुवात केली. नासेंत, पोएंत, बरोबर. ती पणजीला पोर्तुगीजच्या वर्गाला जाते म्हणाली, स्वतःच्या पैशाने. मी वही आणून दिली. तिने चहा निवला तरी पाने उलटली, आणि एका शब्दावर बोट ठेवले. मी तिथे लिहिले होते, ‘फोरा: बाहेर’. ‘काका, हा फोरो असावा,’ ती म्हणाली, ‘गावच्या सामाईक जमिनीच्या कोमुनिदादीला द्यायचा वर्षाचा खंड. अक्षर तसे आहे, पण ओळीचा अर्थ बघा.’

मी ओळ बघितली. तिचे बरोबर होते. 1997 पासून वहीत ते तसेच होते, आणि त्या अर्थाने मी किती कागद पुढे पाठवले असतील ते आठवेना. तिने पर्समधून पेन्सिल काढली आणि माझ्याकडे पाहिले.

‘पेन घे,’ मी म्हटले.